मोहरीच्या दोन ओळी

हिरा, तुझ्या दहाव्याला नदीवर जी भाषणं झाली त्यांत तू कुठंच नव्हतीस. महाराज म्हणाले, माउली कष्टाळू आणि मनमिळाऊ होती. पुढारी म्हणाले, परिसराची कधीही भरून न येणारी हानी झाली. मी मान खाली घालून ऐकत होतो आणि त्या तशा वेळीसुद्धा मला आतून हसू येत होतं. मनमिळाऊ म्हणे. लग्न झाल्यापासून आपलं कुठल्या गोष्टीवर घटकाभर एकमत झालेलं मला तरी आठवत नाही. तुझं माहेर कुठलं, मागे कोण कोण, हे सगळं त्यांनी माइकवरून सांगून टाकलंय, ते मी परत लिहीत नाही. मला तुला एक बातमी द्यायचीय आणि ती वाईट आहे. तोंडानं सांगवत नव्हती, म्हणून लिहायला बसलो.

तुझ्या मोहरीवर फवारणी झाली.

आता तू म्हणशील, झाली म्हंजी? आपसूक झाली का? केली कुणी? जरा दम धर. मी बोलायला लागलो की अर्ध्यात तोडायची तुझी खोड होती. आता तोडायला नाहीस, तर एकदा तरी पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐक.

हे दुसऱ्या कुणाच्या हातात पडलं तर त्याला कळावं म्हणून थोडं मागचं सांगून घेतो. कळंबला हायवेच्या कडेला माझं पंप दुरुस्तीचं दुकान. विहिरीवरचे पंप नाही, फवारणीचे. पाठीवरचे, बॅटरीचे, मोठ्या टाकीचे, सगळे. नुसत्या आवाजावरून वॉशर गेलाय की वॉल ते मी सांगतो. दुकानामागे आपलं रान आणि हिवाळ्यात रानात कोबी. म्हणजे नवरा औषधाच्या पंपावर जगणारा आणि बायको अशी, की तिनं आपल्या बांधाला पंप शिवू द्यायचा नाही. आपली सोयरीक जमवणाऱ्यानं काय बघून जमवली कोण जाणे.

एका हिवाळ्यात घोडेगावला शेतीचं शिबिर होतं. बचत गटातल्या बायकांबरोबर तू गेलीस ती खरं तर बाजारातून चादर आणायला. चादर राहिली तिथंच आणि तू भिंग घेऊन आलीस. ब्लाउजच्या लाल नाडीत ओवून गळ्यात अडकवलेलं. दुकानात गिऱ्हाईक उभं असताना मला हाताला धरून रानात नेलंस, कोबीचं पान उलटं केलंस आणि भिंग माझ्या डोळ्यावर दाबलंस.

"ह्यो बघा मावा, ह्यो जिता हाय. आन् ह्यो फुगल्याला, पिवळसर, ह्यो मेलाय. ह्याच्या आत माशी हाय."

मला पान दिसलं, पानावर राखेसारखा बसलेला मावा, रस पिणारी ती बारीक कीड, दिसली, बाकी काही नाही. तुझं माहेर आळे गावाच्या पलीकडं, मेंढरं राखणाऱ्यांचं. लहानपणापासून लोकरीत बोटं घालून गोचिड्या काढलेल्या, त्यामुळे बारीक वस्तू तुझ्या बोटांना आधी कळायची आणि डोळ्यांना मग. मी आपला स्क्रू-पान्याचा माणूस. "काय न्हाई दिसत, माझं गिऱ्हाईक जाईल," म्हणालो आणि परत आलो. संध्याकाळी जेवताना तू सगळं समजावून सांगितलंस. चिलटाहून बारीक एक गांधीलमाशी असते. ती माणसाला चावत नाही. ती माव्याच्या अंगात नांगी टोचते आणि आत एक अंडं ठेवते. अळी माव्याला आतून खात खात मोठी होते, मावा फुगतो, वाळतो, पानाला चिकटून बसतो. मग पाठीला गोल भोक पाडून नवी माशी बाहेर पडते. शिबिरातल्या मॅडमनी त्या फुगलेल्या माव्याला ममी म्हटलं होतं. तू म्हणायचीस मडकं.

तेव्हापासून आपलं भांडण लागलं ते आजतागायत मिटलेलं नाही. मी म्हणायचो, ही कसली मित्रकीटक? जित्या जिवाच्या पोटात पोर ठेवते, आणि तो मावा चालतो-फिरतोय तोवरच ते त्याला खायला लागतं. माझं औषध बरं, एका झटक्यात काम. तू भाकरी थापता थापता म्हणायचीस, "चांगलं-वाईट आपलं. तिला तिच्या पोरांचं पडलंय." मी म्हणायचो, मग माव्याला नसेल का पोरांचं? त्यावर तू म्हणायचीस, माव्याची पोरं मोजायला बसा तुमी, दुकान मी बघते. हा वाद असा कुठल्याही टोकाला न जाता भाकरी संपली की थांबायचा.

बांधाकडेला मोहरीच्या दोन ओळी तू लावल्यास त्या त्याच हिवाळ्यात. ढगाळ हवा पडली की मावा आधी मोहरीवर येतो. मोहरीच्या शेंड्याला इतका मावा लागायचा की हात लावला तरी बोटं चिकट व्हायची. माझ्या हाताला खाज सुटायची. पंप दुकानात भरलेला उभा, आणि डोळ्यांसमोर मोहरी बरबटलेली. मी म्हणायचो, अगं, हा सगळा कोबीवर उतरेल. आणि तू ते तुझं ठरलेलं वाक्य बोलायचीस, ज्यानं माझं डोकं फिरायचं. "खाऊ दे थोडं."

खाऊ दे थोडं. मावा पार संपवला तर माशी जगेल कशावर? आणि माशी गेली की पुढचा मावा कोण बघणार? तुझं म्हणणं एवढंच. मोहरी माव्याला, मावा माशीला, आणि माशी वाढली की ती कोबी राखणार. मोहरीच्या दोन ओळी तुझ्या, त्यांना मी हात लावायचा नाही. कोबीला पंप मारायचा तर आधी तू भिंग घेऊन फिरणार, मडकी बघणार आणि मग सांगणार. बहुतेक वेळा सांगायचीस, थांबा. मी थांबायचो. कुरकुरत थांबायचो, पण थांबायचो, आणि खरं सांगायचं तर बहुतेक वेळा कोबी निघायचा.

एक साल मात्र निघाला नाही. आठवतंय ना? आठवत असणारच, त्या सालाचं नाव काढलं की तू उठून भांडी घासायला जायचीस. थंडी लांबली, माशी वेळेवर आली नाही, आणि मावा कोबीच्या गड्ड्यात आतपर्यंत शिरला. चिकटा, त्यावर काळी बुरशी. व्यापाऱ्यानं गाडीतून न उतरता मान हलवली. मळ्यात सगळे हसले. पंपवाल्याचा कोबी माव्यानं खाल्ला, याहून चांगला विनोद त्यांना त्या वर्षी मिळाला नाही. मी घरी येऊन काय काय बोललो ते लिहीत नाही. वरची पानं काढून, मिठाच्या पाण्यात धुऊन तोच कोबी तू रोज केलास. भाजी, भजी, वड्या, भातात, आमटीत. शेवटी मीच हात जोडले, की बाई, भांड पण कोबी नको.

त्या सालानंतर तू बाहेर बोलणं बंद केलंस. त्याआधी बचत गटात, पिठाच्या गिरणीत, एसटीत, जिथं बायकांत बसशील तिथं मडकी सांगायचीस. रोहिणीला आळ्याला दिली तेव्हा पहिल्या खेपेला लेकीला काय नेलंस, तर डब्यात मोहरीची पानं. तिच्या सासऱ्यांनी दुसऱ्या दिवशी फवारणी करून टाकली तो भाग वेगळा. पण कोबीच्या सालानंतर तुझी वाचाच बसली. कुणी विचारलं मोहरी कशाला, तर म्हणायचीस, फोडणीला. मी म्हटलं, अगं, बांधाशेजारच्या नामदेवला तरी सांगून ठेव. तू म्हणालीस, "हसत्यात लोक. आधी हातात येऊ दे, मंग सांगू." आली की हातात. पुढची सगळी सालं कोबी आला. तरी तू सांगितलं नाहीस. ते जर सांगितलं असतंस तर आज मला हे लिहावं लागलं नसतं. मला तुझा राग येतो, हिरा. मेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात, पण तूच मला रागवायची सवय लावलीस, आता ती कुणावर काढू?

आजाराचं जास्त लिहीत नाही. आधी मंचर, मग पुणे. पोटात गाठ, आणि ती कळली तेव्हा पसरलेली. डॉक्टरांनी विचारलं, शेती का? फवारणी करता का? तू म्हणालीस, "म्या न्हाई कधी. पर आजूबाजूला समदीच करत्यात." डॉक्टर पुढच्या प्रश्नाला गेले. मी तिथंच उभा होतो, हाताला तेव्हाही पंपाच्या तेलाचा वास. तो प्रश्न त्यांनी का विचारला, सगळ्यांनाच विचारतात का, हे मी त्यांना विचारलं नाही आणि तूही माझ्याकडे बघितलं नाहीस. त्याचं उत्तर कुणाकडेच नाही असं मी स्वतःला सांगतो. कधी कधी पटतं.

शेवटच्या खेपेला वॉर्डात तू पोटावर हात ठेवून म्हणालीस, "आवो, मला पन कुनीतरी टोचलंय. मी मडकं झाले." आणि हसलीस. बाजूच्या खाटेवरची बाई पण हसली, तिला काय कळलं देव जाणे. मला त्या क्षणी तुझा इतका संताप आला की मी उठून खाली चहाला गेलो. चहा घेतला नाही, नुसता टपरीपाशी उभा राहिलो. वर आलो तेव्हा तुला झोप लागलेली. जाग आल्यावर तू पहिली गोष्ट विचारलीस ती, मोहरीवर किती आलाय. मी म्हटलं, भरपूर. तू म्हणालीस, "मडकी?" मी म्हटलं, मला दिसतात होय? तू म्हणालीस, "ह्या साली लई चांगली येतील. माझ्या ओळींना कुनाला हात लावू द्यू नका." मी म्हटलं, बरं. त्यानंतर आपण जे बोललो ते पाणी दे, कूस बदल, एवढंच. म्हणजे शेवटचं धड बोलणं आपलं माव्यावर झालं.

तुला अग्नी देताना खांद्यावर पाण्याचं मडकं घेऊन मी तुझ्याभोवती फिरलो. मागून दगडानं मडक्याला भोक पाडतात, पाण्याची धार लागते. पहिलं भोक पडलं आणि मी थांबलो. लोकांना वाटलं मला चक्कर आली, दोघांनी दंडाला धरलं. चक्कर नव्हती. मला तुझी मडकी दिसली. इतकी वर्षं भिंगातून जी दिसली नाहीत ती तिथं दिसली. पाठीला गोल भोक पडलेली आणि रिकामी.

आता नामदेवचं सांगतो. आपल्या मळ्यातली रीत तुला ठाऊक आहे, तू स्वतः पाळलीस. घरात सुतक असलं की घरच्यांनी आणि भावकीनं रानाला हात लावायचा नाही, आणि शेजाऱ्यांनी न सांगता ते रान सांभाळायचं. दहाव्याच्या सकाळी घरचे नदीवर गेले की मागे शेजारी शिल्लक काम उरकून टाकतात. घरचे परत येतील तेव्हा त्यांना अडलेलं काही दिसू नये म्हणून. नामदेवची आई गेली तेव्हा तू त्याचा कांदा खुरपला होतास, चार बायका गोळा करून. तो ते विसरला नव्हता. तुझ्या आजारात दोनदा पुण्याला आला, दोन्ही वेळा दारातूनच बघून रडत गेला. दहाव्याच्या आदल्या दिवशी घरी येऊन म्हणाला, "भाऊ, तुमी रानाची काळजी करू नगा. दुकानाची चावी तेवढी द्या, पाइप लागंल." मी खुंटीवरची चावी काढून दिली. मला वाटलं पाणी द्यायला पाइप हवा असेल.

सकाळी नदीवर पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. समोरच्या बाभळीवर दोन-तीन बसलेले, खाली यायचं नाव नाही. मग तेच सुरू झालं जे नेहमी होतं. रोहिणी रडत म्हणाली, आई, बाबांना मी बघीन. तुझा भाऊ म्हणाला, ताई, भाचीचं माहेरपण तुटू देणार नाही. कुणी म्हणालं, तिच्या आवडीचं काही राहिलंय का बघा. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मला यावर किती विश्वास आहे ते तुला माहीत आहे. पण ऊन चढत होतं, माणसं ताटकळली होती, आणि मी पुढे झालो आणि सगळ्यांच्या देखत मोठ्यानं म्हणालो, "हिरा, तुझ्या मोहरीला कुणी पंप लावणार नाही."

पुढाऱ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. कावळा उतरला. माणसं मागे सरकली म्हणून उतरला असेल, मी तसंच धरून चालतो. पण उतरला, आणि सगळ्यांनी हात जोडले, आणि मला पहिल्यांदा बरं वाटलं. तुझं एक तरी काम मी न भांडता केलं असं वाटलं.

आणि त्याच वेळेला, हिरा, बहुतेक त्याच वेळेला, इकडे नामदेव तुझ्या ओळीत उभा होता.

कालव्याच्या चारीच्या वळणावर गाडीतून उतरलो तेव्हाच मला वास आला. बाकीच्यांना कळला नसता. मी आयुष्यभर त्या वासात काम केलंय, कुठलं औषध तेही सांगू शकतो. नामदेव बांधावर उभा, पाठीवरचे पट्टे अजून सोडलेले नाहीत, डोळे लाल. पंप माझ्याच दुकानातला, मी स्वतः नवं नोझल बसवलेला, ज्याचा फवारा धुक्यासारखा बारीक पडतो.

"भाऊ, समदं मोकळं केलं. कोबीला एक हात मारला. मोहरीवर तर लई माजला व्हता मावा, वहिनीच्या आजारपनात तिकडं कुनाचं ध्यान नसंल. तिथं डबल पंप मारला. आता एक बी न्हाई राहिला."

त्यानं ते इतक्या मायेनं सांगितलं. तोंडाला रुमाल नव्हता, हातात मोजे नव्हते, उपाशीपोटी सकाळपासून राबलेला. रोहिणी माझ्याकडे बघत होती, कारण तिनं नदीवर मी काय बोललो ते ऐकलं होतं. मी नामदेवच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणालो, "बरं केलंस."

काय म्हणायला हवं होतं मी? तू सांग.

तेरावा झाला, पावणे गेले, रोहिणी आळ्याला गेली. मी तुझं भिंग खुंटीवरून काढलं, गळ्यात अडकवलं आणि ओळीत जाऊन बसलो. मोहरीचे शेंडे स्वच्छ. मावा वाळून गळून पडलेला. खाली मातीत मावा खाणारे ढालकिडे उलटे पडलेले, पाय वर करून. पण मडकी होती. पानाच्या मागे, देठाजवळ, पिवळसर, चिकटून बसलेली. दिसली गं मला. चष्म्यावर भिंग धरलं आणि श्वास रोखला तर दिसतात. काहींना भोक होतं, म्हणजे त्यातल्या आधीच निघून गेल्या. त्या कुठं गेल्या असतील, औषधात सापडल्या असतील का, माहीत नाही. काही बंद होती. तू एकदा म्हणाली होतीस, पंप भायेरच्याला मारतो, मडक्यातली कधी कधी वाचती. तेव्हा मी कान दिला नव्हता असं तुला वाटलं असेल. दिला होता.

बंद मडक्यांची पानं तोडली, लोणच्याच्या बरणीत घातली, तोंडाला तुझ्या जुन्या पातळाचा तुकडा बांधला. तू ठेवायचीस तशीच खिडकीत ठेवली. मग मला कळलं की खरी अडचण पुढेच आहे. यातून एखादी निघाली तर तिला सोडायची कुठं? तिला मावा पाहिजे. आणि आपल्या रानात एकही मावा नाही.

मग मी मावा शोधायला निघालो. पंप दुरुस्त करणारा माणूस गावभर विचारत फिरतोय, मावा आहे का कुणाकडे? लोक आधी हसले, मग हसायचे थांबले. एकानं माझ्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं, भाऊ, घरी जा, आराम करा. बायको गेल्यावर माणसाचं असं होतं, ही बातमी माझ्याआधी हायवेपर्यंत पोचली. रोहिणीला फोन केला. ती म्हणाली, बाबा, मोहरी हाय सासऱ्यांची, पर कालच फवारलीय. सगळ्यांची रानं साफ. आणि त्यांतले निम्मे पंप माझ्या हाताखालून गेलेले.

बरणीत पुष्कळ दिवस काही नाही. मी सकाळी कापडाकडे बघायचो, चहा घ्यायचो, परत बघायचो. आणि एके दिवशी कापडाच्या आतल्या बाजूला काळे ठिपके, चालणारे. तीन-चार असतील, जास्त नाही. मी खुर्ची ओढून बसलो आणि रडलो. नदीवर रडलो नव्हतो, सगळ्यांनी ते बोलूनही दाखवलं होतं. बाकीची मडकी तशीच राहिली. अजूनही तशीच आहेत.

त्याच सकाळी बांधावरून पंपाचा आवाज आला. नामदेवच्या कोबीवर मावा परत आला होता. औषधानं मावा जातो तसे त्याला खाणारेही जातात, आणि मावा आधी परत येतो, हे तू मला शंभरदा सांगितलेलं. तो टाकी भरून उभा होता. मला बघून म्हणाला, "भाऊ, तुमचं बी बघतो ह्याच हातानं, काळजी करू नगा."

मी बरणी छातीशी धरून मध्ये उभा राहिलो. त्याला काय सांगायचं हे मला ठाऊक होतं, आणि ते सांगितलं तर त्याला काय कळणार तेही. आता मारू नको म्हटलं, तर तेव्हा मारलास ते चुकलं हे आपोआप आलं. मी बरणी पुढे धरली. म्हटलं, नामदेव, तुझ्या वहिनीचं आहे हे. आणि सगळं सांगितलं. मोहरी कशाला, मडकी म्हणजे काय, वॉर्डात ती काय म्हणाली, नदीवर मी काय म्हणालो. तो ऐकत राहिला. मग त्यानं पाठीवरचे पट्टे सोडले, पंप खाली ठेवला आणि बांधावर बसला.

"मंजी मी वहिनीचं..." एवढंच म्हणाला.

मी म्हटलं, तुला सांगितलं नव्हतं कुणी. चूक तिची आहे.

असं म्हणालो मी, हिरा. तुझ्यावर ढकललं. तू असतीस तर तूही हेच म्हणाली असतीस, हे मला पक्कं माहीत आहे, म्हणून ढकललं. तो म्हणाला, "न्हाई भाऊ, तसं म्हनू नगा." आणि मग तो जे रडला ते मला बघवेना.

त्याच्या कोबीच्या कडेला, जिथं मावा होता तिथं, आम्ही दोघांनी मिळून कापड सोडलं. कधी उडाल्या कळलंच नाही. बरणी रिकामी झाली म्हणून कळलं. नामदेवनं कडेच्या दोन ओळी पंपाशिवाय ठेवल्यात. मावा वाढतोय. त्याचा मुलगा चिडलाय, बायको बोलत नाही, आणि मळ्यात आता माझ्याबरोबर त्याच्याही डोक्यावर परिणाम झाल्याचं बोललं जातं. आभाळ ढगाळ आहे आणि थंडी जात नाही. त्या सालासारखीच हवा आहे. मला भीती वाटते. तीन-चार माश्यांनी काय होणार, आणि त्यांतल्या किती जगल्या, हे सांगणारं माणूस आता घरात नाही.

रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी मी भिंग घेऊन जातो. नामदेव आधीच येऊन उभा असतो. एक एक पान उलटं करून बघतो. मावाच आहे सगळा, जिता. फुगलेलं, पिवळसर असं एकही नाही. आज त्यानं पान हातातून सोडलं आणि खाली बघत विचारलं, "आजपन न्हाई ना, भाऊ? वाट बघायची का मारायचा?"

दुकानात पंप भरलेला होता. माझ्या हाताला खाज सुटली होती, तुला खोटं कशाला सांगू.

मी म्हटलं, "खाऊ दे थोडं."